मधमाशीच्या जागी वन्सं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, काय काम करायच्या असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते की त्या माश्यांचं काम करायच्या. ऐकणारा हसतो. हसू दे. तेवढी वर्षं आमच्या गावाने जो भोपळा खाल्ला आणि बाजारात नेला तो वन्संच्या हातचा होता, आणि त्या काळात त्यांनी माझं जे डोकं खाल्लं त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

त्याआधी त्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात काजं करायच्या. शर्टाला बटण लावायची जी भोकं असतात, तेवढीच. कॉलर दुसरी शिवणार, बाही तिसरी, वन्संच्या हाती फक्त काजं. लग्न केलं नाही. का, तर म्हणे आलेलं प्रत्येक स्थळ कुठे ना कुठे उसवलेलं होतं. मग कारखान्यात काजं करणारं मशीन आलं आणि वन्सं एक ट्रंक आणि स्वतःचं शिलाई मशीन घेऊन भावाच्या दारात उतरल्या. मागची खोली मी कांद्यांसाठी ठेवली होती. कांदे जिन्याखाली गेले, वन्सं खोलीत गेल्या.

आता मला सांगा, ज्याला स्वतःचं काम नसतं त्याला दुसऱ्याच्या कामातलं काय दिसत नाही? मी भाकऱ्या थापायला बसले की ह्या उंबऱ्यात. "कड जाड राहिली गं." मी कपडे वाळत घातले की ह्या मागून येऊन तेच कपडे परत झटकून घालणार. आमटीत मीठ बरोबर पडलं तर म्हणायच्या, "बरोबर आहे, पण उशिरा घातलंस." मीठ उशिरा घातलेलं कळणारी जीभ मी दुसरी पाहिली नाही. मी ह्यांना सांगायची, तुमच्या बहिणीला काहीतरी उद्योग द्या, नाहीतर मला माहेरी पोचवा. हे पेपरात तोंड घालून म्हणायचे, "बघू."

उद्योग मिळाला तो डबलच्या कृपेने.

डबल म्हणजे आमच्या शेजारच्या रानाचा मालक. बाटलीवर एक झाकण औषध लिहिलं असेल तर हा दोन टाकणार, म्हणून डबल. किडा दिसला तर फवारा, नाही दिसला तर लपला असेल म्हणून फवारा. त्याचं रान हिरवंगार दिसलं की बाकीच्यांच्या पोटात दुखायचं, मग तेही मारायचे. आमचे हे त्यात मागे नव्हते. बांधावर जे काही उगवायचं, निळी-पांढरी बारीक फुलं, गवत, काटेरी झुडपं, ते सगळं तणनाशकाने जाळून बांध अंगणासारखे स्वच्छ केले. फार देखणं दिसायचं. त्यात मधमाश्या कधी नाहीशा झाल्या कुणाला कळलंही नाही. चावणारं काही कमी झालं तर माणूस त्याला शोधायला जातो का?

त्या वर्षी भोपळ्याच्या वेलांना फुलं अशी आली की बघत राहावं. आणि फळ एक धरेना. फुलाखाली सुपारीएवढा गोळा यायचा, पिवळा पडायचा, गळून जायचा. हे तडक खता-औषधांच्या दुकानात भांडायला गेले. दुकानदार शांत माणूस. तो ह्यांच्या मागोमाग रानात आला, वेलांतून फिरला आणि म्हणाला, "वेल चांगले आहेत. पण इथे एक माशी दिसत नाही मला. फळ धरणार कसं?"

मग त्याने दाखवलं. बारीक देठाचं असतं ते नराचं फूल, ज्याच्याखाली गोळा असतो ते मादीचं. नराचं तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि आतली पिवळी भुकटी मादीच्या फुलात फिरवायची. माशी हेच करते, फक्त बोलून दाखवत नाही. आणि सगळं सकाळी सकाळी, कारण ऊन चढलं की फुलं मिटतात. दुकानदार सांगत होता आणि आमचे हे कानापर्यंत लाल होत होते. तो गेल्यावर ह्यांनी एक फूल केलं, कुणी बघत नाही ना म्हणून चारी दिशांना पाहिलं, आणि हात पुसून म्हणाले, "हे बायकांचं काम आहे."

हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, मी विचारलं. गाय माझ्याकडे, चूल माझ्याकडे, निंदणी माझ्याकडे, आता फुलांचे संसारही मीच लावू काय? मी पदर खोचून भांडायच्या तयारीत होते, तेवढ्यात वन्सं बांधावरून खाली उतरल्या. हातात शिलाई मशीनमधली धूळ झाडायचा बारीक ब्रश. "सर बाजूला," म्हणाल्या, "बघू मला."

जन्मभर काजं केलेली बोटं ती. एक पाकळी दुमडली नाही. ह्या फुलातून त्या फुलात ब्रश असा फिरवत होत्या की मी भांडण विसरून बघत बसले. वर तोंड चालूच. "मान वर कर. अशी कशी बसलीस तोंड लपवून? मी काय खाते की काय तुला?" हे सगळं फुलाला.

आठवड्याभरात गोळे धरले. धरले ते टिकले. गावात बातमी जायला वेळ लागतो का? आमच्याकडे कधी ताकाचं भांडं मागायला न येणारी माणसं उजाडायच्या आत दारात उभी. ताई, आमच्या काकडीला येता का. ताई, आमचं कलिंगड तेवढं बघा. डबल सगळ्यांच्या पुढे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

वन्सं पैसे घेत नसत. मान घेत, आणि तो पुरेपूर घेत. आधी चहा, चहा पुन्हा गरम केलेला नको. त्या रानात असताना कुणी मोठ्याने बोलायचं नाही. गुरं लांब बांधायची. डोक्याला एक जुनी टोपी बसवली होती, ती घातली की त्या बाई राहायच्या नाहीत, साहेब व्हायच्या. मी कधी म्हटलं, वन्सं, तेवढे तांदूळ निवडून द्या, तर उत्तर यायचं, "आज सकाळ डबलच्या काकडीला दिलीय." नाकापेक्षा मोती जड झाला होता. पण खरं सांगू का, माझ्या आमटीतलं मीठ तेव्हापासून वेळेवर पडायला लागलं. उंबरा मोकळा झाला. मी देवाकडे दुसरं काही मागत नव्हते.

घोटाळा झाला तो पुढच्या वर्षी. आमचे भोपळे पिढ्यान् पिढ्या गोल, बसके. डबलचे लांब मानेचे. सगळे घरचंच बी धरून ठेवतात. वन्सं सकाळी डबलकडून आमच्याकडे, आमच्याकडून पलीकडे, आणि ब्रश तोच. काजं करताना दोरा बदलायचा असतो, ब्रश कुठे बदलायचा असतो? तर पुढच्या वर्षी आमच्या वेलाला लांब मानेचे भोपळे लागले. डबलच्या वेलाला गोल. पलीकडच्या म्हातारबांच्या रानात तर वर मान आणि खाली बसकं, असं काहीतरी लागलं की ते बघायला शेजारच्या गावातून माणसं आली.

झालं. गावाला महिनाभराची करमणूक. "वहिनी, तुमचा भोपळा डबलच्या तोंडावर गेलाय," असं मला भर रस्त्यात म्हणायचे. डबलला म्हणायचे, पोराबाळांकडे लक्ष दे, दुसऱ्याच्या रानात वाढतायत. चिडले ते म्हातारबा. त्यांचं बी त्यांच्या आजोबांपासूनचं. ते काठी टेकत आमच्या दारात आले आणि वन्संना म्हणाले, "माझ्या घराण्याचं वाटोळं केलंस." वन्संनी त्यांना आत बसवलं, त्या विचित्र भोपळ्याची भाजी करायला मला लावली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हातारबांनी ती खाल्ली, पुन्हा मागून घेतली आणि म्हणाले, "तोंड वाकडं आहे, पण गुण चांगले आहेत." त्यानंतर वन्सं दर रानाला वेगळा ब्रश वापरायला लागल्या. ते ब्रश धुवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की वन्सं खोलीचं दार लावून घेतात. आतून बारीक घरघर यायची. मला वाटलं मशीन चालवतात. पण बाहेर येताना हातात ना कापड ना दोरा. दुसऱ्या दिवशी मी न विचारता आत घुसले. वन्सं खाटेवर बसून भिंतीकडे बघत होत्या. घरघर भिंतीतून येत होती. खिडकीखाली विटा पोकळ आहेत, बाहेरच्या बाजूने एक फट आहे, आणि त्या फटीतून मधमाश्यांची ये-जा चालली होती. कुठून आल्या देव जाणे. गावात इतक्या जागा असताना त्यांनी नेमकी ही भिंत निवडली.

"कधीपासून आहेत?" मी विचारलं.

"झाले दोन-चार दिवस."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? डबलला सांगितलं तर तो फवारणीचा पंप घेऊन येईल. तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो डबलला सांगेल."

"आणि मला?"

"तू सगळ्यांनाच सांगशील."

मला राग आला, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

त्या दुपारी मी गाईला पाणी दाखवत होते तर घरामागून धूर. धावत गेले. वन्सं खिडकीखाली उकिडव्या बसलेल्या, पुढ्यात पत्र्याच्या घमेल्यात पेटवलेला पालापाचोळा, आणि हातातल्या पुठ्ठ्याने त्या धूर फटीकडे लोटत होत्या. वारा उलटा. धूर सगळा त्यांच्या तोंडावर, माश्या आत मजेत.

"घालवताय त्यांना?" मी विचारलं.

"हो." मग थोडा वेळ पुठ्ठा हलवत राहिल्या. "कारखान्यात मशीन आलं ना, तेव्हा सुपरवायझर म्हणाला, बाई, तुमचं आठवड्याचं काम हे जेवायच्या सुट्टीआधी उरकतं. मी ट्रंक उचलली आणि आले. आता ह्या आल्यात. ह्या राहिल्या तर सकाळी माझ्या दारात कोण येणार? मला परत ते रिकामं बसणं नको गं. तुझ्या उंबऱ्यात बसून मीठ चाखत राहायचं, मला काय ते आवडत होतं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. दोघी खोकत होतो. तेवढ्यात एक माशी बाहेरून आली, पायांना पिवळ्या भुकटीचे दोन गोळे, इतके जड की फटीच्या तोंडाशी आपटली, पडली, पुन्हा उठून आत गेली. तिच्या मागे दुसरी, तशीच भरलेली. वन्संचा पुठ्ठा थांबला. त्या पुढे वाकून बघायला लागल्या.

"एवढं मी एका खेपेत कधी नेलं नाही," म्हणाल्या. आणखी तीन-चार येऊ दिल्या. "काम चांगलं करतात मेल्या." आणि मला म्हणाल्या, "जा, तांब्याभर पाणी आण." मी आणलं. त्यांनी ते घमेल्यात ओतलं आणि हात झटकून आत गेल्या. चहा केला तो प्यायल्या नाहीत.

घालवलं नाही, तसं कुणाला सांगितलंही नाही. आणि दोनच दिवसांनी डबल आला. "ताई, काकडीवर कीड पडलीय. उद्या सकाळी तुम्ही लवकर आटपा, तुमच्या मागोमाग मी पंप मारतो." हे नेहमीचंच होतं. वन्सं पुढे ब्रश घेऊन, डबल मागे पंप घेऊन, आणि दुपारी वन्संचं डोकं दुखायचं. वन्सं "बरं" म्हणाल्या.

सकाळी मीही गेले, कुणीतरी चहा न्यायला हवा होता. काकडीची फुलं नुकती उमलली होती आणि त्यांच्यावर माश्या होत्या. आमच्या भिंतीतल्याच, दुसऱ्या येणार कुठून? वन्संनी त्या बघितल्या. बांधाशी डबल बादलीत औषध ढवळत होता, एक झाकण, मग दुसरं. मला सगळं दिसत होतं. वन्संनी काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. डबलने नेहमीसारखा पंप मारला असता, दुपारपर्यंत माश्या मेल्या असत्या, आणि उद्या सकाळी पुन्हा आमच्या दारात माणसांची रांग. पाप कुणाच्या माथी? डबलच्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं नाही. हे त्यांचं त्यांनीच ठरवायचं होतं.

वन्संनी ब्रश माझ्या हातात दिला, सरीतून चालत बांधाशी गेल्या आणि जमिनीवर ठेवलेल्या पंपावर बसल्या.

"ताई, झाकण मोडेल," डबल म्हणाला.

"संध्याकाळी मार. फुलं मिटल्यावर."

"संध्याकाळी मला बाजारात जायचंय."

"मग उद्या संध्याकाळी मार. सकाळी मारलंस तर ह्यापुढे तुझ्या एकाही फुलाला मी हात लावणार नाही. तुझ्याच नाही, गावात कुणाच्याच."

आजूबाजूच्या रानात वन्संची वाट बघत उभे असलेले सगळे तिथे गोळा झाले. फळं धरायचे दिवस, आणि वन्सं पंपावर. म्हातारबा डबलला म्हणाले, "तुझ्या बाजारापायी आमचं पीक घालवतोस काय?" आमचे हे, ज्यांनी जन्मात बहिणीची बाजू घेतली नव्हती, तेही म्हणाले, "संध्याकाळी मारून काय बिघडतं?" वन्संनी पंपावर बसूनच आणखी दोन अटी घातल्या आणि गावाने तिथल्या तिथे सगळं कबूल केलं. फुलं मिटल्याशिवाय कुणी फवारायचं नाही. औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच. आणि बांधावर जे उगवेल ते उगवू द्यायचं.

"पण कशासाठी, ते तरी सांगा," डबल म्हणाला.

वन्संनी बोट दाखवलं. डबल काकडीत वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. डबल औषधात चुकतो, पण डोक्याने कमी नाही. सरळ होऊन तो हळूच म्हणाला, "ताई, ह्या वाढल्या तर मग तुमचं काय?"

"तुला काय करायचंय?" वन्सं उठत म्हणाल्या. "बादली उचल ती."

माश्या वाढल्या. बांधांवर रान माजलं, त्यात फुलं आली, आणि भिंतीतल्या माश्यांतून एक झुंड निघून म्हातारबांच्या जुन्या झाडाच्या ढोलीत गेली. त्या हंगामाच्या शेवटी वन्संना बोलवायला माणसं कमी यायला लागली होती. पुढच्या हंगामात, पहिली फुलं आली त्या सकाळी, वन्सं वेणी घालून, टोपी घेऊन ओट्यावर बसल्या. कुणी आलं नाही. ऊन चढलं. दुसऱ्या दिवशी तेच. रस्त्याने जाणारे येणारे हात करायचे, "काय ताई, बरं आहे ना?" आणि पुढे. गरज सरो, वैद्य मरो. मला इतका संताप आला की मी डबलच्या बायकोशी दोन दिवस बोलले नाही. तिचा काय दोष होता, मला माहीत नाही.

तिसऱ्या सकाळी वन्संनी टोपी बाहेर आणलीच नाही. येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या. मी आमटीत मीठ मुद्दाम घातलं नाही, म्हटलं काहीतरी बोलतील. बोलल्या नाहीत. बिनमिठाची आमटी त्या बाईने चाखली आणि वाटी खाली ठेवली. इतकी वर्षं ह्या बाईने मला छळलं, आणि ती गप्प बसली तर मला घर खायला उठलं.

मी चूल विझवली. "वन्सं, चला जरा रानात. आपल्या भोपळ्याची काही फुलं पानाआड लपलीत, माश्यांना सापडत नाहीत. फळ धरायचं नाही त्यांना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला खोटं बोलता येत नाही. माशीला काय पानाआडचं दिसत नाही होय?"

"दिसत असेल. तुम्ही चला."

चपला घालून आल्या. मीच ब्रश घेतला होता, धुतलेला. रानात मी पुढे होऊन मोठमोठी पानं बाजूला केली आणि खाली एक मादीचं फूल दाखवलं, पूर्ण उमललेलं. वन्सं गुडघ्यांवर बसल्या, ब्रश पुढे केला, आणि बघतात तर आत माशी. पिवळीधमक झालेली, डोकं खाली, काम चाललेलं. माझा चेहरा पडला. मी म्हटलं, हाकलते तिला.

"नको," वन्सं म्हणाल्या. "होऊ दे तिचं. मी आहे इथे."

त्या ब्रश हातात धरून तिच्या मागे थांबल्या. मी पानं दोन्ही हातांनी बाजूला धरून उभी राहिले. माशीला काही घाई नव्हती. माझे हात दुखायला लागले तरी मी पानं सोडली नाहीत.